योगराजकाकाची मूठ

ब्राउझर आणि माझं भांडण झालं तर जिंकते मीच. बढाई नाही, लिंबायतमधल्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. कुणाचा ऑनलाइन क्लास अडकला, कुणाची साड्यांची लाइव्ह विक्री चालू असताना आवाज गेला, की हाक येते, ‘हर्षदाला पाठवा ने!’ शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी निवेदन करत होते आणि माइकच मेला. मी उरलेला अख्खा कार्यक्रम बिनमाइकचा रेटून नेला. तेव्हापासून माझा आवाज जो बाहेर पडलाय, तो परत आत गेलेला नाही. आई म्हणते, आता थोडा जाऊ दे.

म्हणून यंदा कानबाईच्या गव्हाचं काम माझ्याकडे आलं.

आम्ही मूळचे खानदेशातले, लूमच्या कामासाठी इकडे आलेले. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई बसते. पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ, त्याला डोळे, नथ, साडी. की झाली देवी. सोमवारी तिला तापीवर पोचवायचं आणि नारळ परत घरी आणायचा. तिच्या नैवेद्याचे रोट करतात, त्याचा गहू आधी मोजून घ्यायचा. आमच्या भाऊकीत माणशी सव्वा मूठ. घरातला सर्वात मोठा माणूस एकेक नाव घेतो, आणि त्या माणसाने म्हणायचं, ‘शे.’ शे म्हणजे आहे. अहिराणीत असण्याला एवढं एकच अक्षर पुरतं. माणूस लांब असेल तर त्याच्या घरचं कुणी त्याच्या वतीने म्हणतं. शे म्हटलं की मूठ सुपात पडते. मूठ पडली की त्याचा रोट होणार, आणि रोट झाला की तो त्याला खाऊ घालावाच लागणार. मोजलेल्याला उपाशी ठेवायचं नाही. आणि मेलेल्याला मोजायचं नाही. मोजलंच, तर तोही जेवायला येतो, असं मोठीआई सांगते. मोठीआई म्हणजे माझी थोरली चुलती, उषाबाई. ती दिवसभर सगळ्यांची टिंगल करते, पण हे सांगताना हसत नाही.

आता योगराजकाका.

माझा धाकटा काका. पांडेसऱ्यात कपडा रंगवायच्या मिलमध्ये होता. मी दुसरीत होते तेव्हा एका सकाळी पाळीला गेला. पाळी सुटल्यावर गेटबाहेर पडताना लोकांनी त्याला पाहिलं. घरी आला नाही. दवाखाने झाले, पोलीस झाले, देव झाले. त्याचा चेहरा मला फोटोमुळे आठवतो, पण टाचा खऱ्या आठवतात. मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल तो त्याच्या टाचांच्या भेगांत बसायचा. तो जेवायला बसला की मी मागे जाऊन बघायचे आणि ओरडायचे, ‘आज हिरवा!’ दुसरी आठवण म्हणजे, तो ताट चाटूनपुसून खायचा, पण कडेला एक तुकडा ठेवायचा. उज्ज्वलाकाकीसाठी. उज्ज्वलाकाकी त्याची बायको. आमच्याच घरात राहते, साड्यांना टिकल्या चिकटवते. तिच्याशेजारी बसूनच मी नक्षीतली चूक धरायला शिकले. शंभर फुलं एकासारखी एक असली आणि त्यातल्या एकाची पाकळी वाकडी असली, तर माझा डोळा आपोआप तिथेच जातो.

दरवर्षी काकाचं नाव आलं की काकी ‘शे’ म्हणायची. त्याचा रोट तीच खायची. कुणी काही बोलायचं नाही.

यंदा आप्पांनी ठरवलं, पुरे. भिकनआप्पा म्हणजे आमच्या भाऊकीतले सर्वात मोठे, गावाकडे असतात. गेल्या वर्षी नेमकं कानबाईच्या सोमवारी त्यांच्या पणतूला ताप आला होता, तो आठवडाभर उतरला नाही. आप्पांच्या मनाने घेतलं की आपण मेलेला माणूस मोजतोय. यंदा योगराजचं नाव घ्यायचं नाही. नाव नाही म्हणजे मूठ नाही. मूठ नाही म्हणजे माणूस नाही. आणि माणूस नाही म्हणजे काकीचं कुंकू, काकीच्या बांगड्या... हे मोठ्याने कुणीच म्हणालं नाही. काकीही काही म्हणाली नाही. फक्त त्या आठवड्यात तिने एका साडीचा अख्खा पदर वाकडा चिकटवला. जिची एकही साडी कधी परत आली नव्हती, तिने.

शुक्रवारी दुपारी गहू मोजायचा होता. आमचं घर लूमच्या खात्याच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या, वर आहे. खाली खटाखट चालू असते, वर मांडणीतले पेले वाजत असतात, आम्हाला ते ऐकूही येत नाही. मी लॅपटॉप पेटीवर ठेवला, सगळ्यांना मीटिंगमध्ये घेतलं. गावाहून आप्पा, शहराबाहेरच्या सचिनहून प्रदीपकाका आणि त्यांच्या घरचे, पुण्याहून माझा चुलतभाऊ चेतनदादा. समोर मोठीआई सूप घेऊन बसली. तिच्यामागे भिंतीला टेकून काकी, तिच्या बाजूला गव्हाचं पोतं.

‘हर्षे, माले गहू दिखत नही,’ आप्पा म्हणाले. ‘नुसतं तुन्हं नाक दिखस.’

‘नाक मोठंच आहे आप्पा,’ चेतनदादा म्हणाला. ‘त्यात नेटचा दोष नाही.’

‘पुण्याला गेलं की अक्कल येते म्हणतात,’ मी म्हटलं. ‘तुझी कुठल्या स्टेशनवर उतरली?’

आप्पांच्या फोनवर आम्ही सगळे बटणाएवढे दिसत होतो. उपाय सोपा होता. पप्पांचा फोन सुपावर धरून स्टँडला लावायचा, त्याचा कॅमेरा लॅपटॉपवर वेगळ्या टॅबमध्ये उघडायचा, आणि तो टॅब स्क्रीन शेअर करायचा. मग आप्पांना गव्हाचा दाणा न्‌ दाणा दिसेल. ब्राउझर विचारतो, काय शेअर करू? टॅब, विंडो, की पूर्ण स्क्रीन? घाईत मी पूर्ण स्क्रीन दाबलं.

आणि बोगदा तयार झाला.

ज्यांनी केलंय त्यांना माहीत असेल. मीटिंग समोर उघडी असताना पूर्ण स्क्रीन शेअर केली की स्क्रीनमध्ये मीटिंग, त्या मीटिंगमध्ये तीच स्क्रीन, तिच्यात पुन्हा मीटिंग. आरशासमोर आरसा धरल्यासारखं. चौकटीत चौकट, आत आत, लहान लहान.

‘व माय!’ मोठीआई म्हणाली. ‘एवढ्या उषाबाया! एवढ्यांचे रोट थापायचे तर तापीचं पाणी पुरायचं नाही.’

सगळे हसले. मीही. मी हात वर केला. बाहेरच्या चौकटीत हात वर झाला, मग तिच्या आतल्या, मग तिच्या आतल्या. आतली चौकट नेहमी थोडी मागे चालते, कारण चित्र फिरून यायला वेळ लागतो. हे मला माहीत होतं, मी ते मोठीआईला समजावूनही सांगत होते, आणि समजावता समजावता माझा डोळा गेला.

चौथी चौकट. तिच्यात हात वर झालाच नाही.

मी दोन बोटांनी चित्र ताणून मोठं केलं. चौथ्या चौकटीतही आमचीच खोली होती. तीच भिंत, तेच पोतं. पण मोठीआई नव्हती. सूप नव्हतं. बाकी सगळ्या चौकटींच्या कोपऱ्यात माझी वेणी दिसत होती, तिथे वेणीही नव्हती. काकी भिंतीशी बसली होती, अंगावर पोपटी साडी. माझ्या मागे बसलेल्या खऱ्या काकीच्या अंगावर विटकी तपकिरी होती. त्या पोपटी काकीसमोर एक ताट, रिकामं, कडेला काहीतरी ठिपक्याएवढं. आणि ताटाशी एक माणूस, आमच्याकडे पाठ करून. मांडी घातलेली, मागून टाचांची कड दिसत होती.

टाचा राणी रंगाच्या होत्या.

‘हर्षे, अय हर्षे, झोपली का?’ चेतनदादा ओरडला. ‘बंद कर तो बोगदा, डोकं फिरतंय.’

‘तुला चौथ्या चौकटीत काय दिसतंय?’

‘चौथ्या चौकटीत मुंगी दिसतेय. टॅब शेअर कर, टॅब! एवढी मोठी इंजिनियर झाली तरी.’

मी शेअरिंग थांबवलं. मनात म्हटलं, जुनी काहीतरी फ्रेम अडकली असेल. तसं होतं कधीकधी. पण जुनी म्हणजे कधीची? काकीकडे पोपटी साडी कधी नव्हतीच.

या वेळी बरोबर टॅब निवडला. सूप भरून आलं पडद्यावर. ‘आते दिखस,’ आप्पा खूश झाले. खालच्या लूमचा आवाज त्यांना जात होता म्हणून मी आमचा माइक म्यूट केला. आमच्या घरातल्यांची उत्तरं मोठीआईला ऐकू आली की झालं.

आप्पा नावं घ्यायला लागले. स्वतःचं घर झालं, प्रदीपकाकांचं झालं. ‘चेतन.’ ‘शे.’ मूठ. सुपात गव्हाचा छोटा डोंगर झाला. मग आमचं घर. ‘छगन.’ पप्पा दारातून ‘शे’ म्हणाले. मूठ. ‘उज्ज्वला.’

‘शे,’ काकी म्हणाली. जेमतेम ऐकू आलं. मूठ पडली.

यानंतर दरवर्षी योगराज यायचा. आप्पा थांबले. त्यांनी श्वास घेतला. मोठीआईची मूठ भरलेली, पोत्याच्या तोंडाशी. मी वळून काकीकडे बघत होते. तिने पदराचा बोळा दातांत धरला होता.

‘शे.’

लॅपटॉपमधून आवाज आला. बाईचा. मोकळा, थोडा हसरा, दार उघडून समोर हवं ते माणूस दिसावं तसा.

आणि मोठीआईची मूठ उघडली. सवयीने. शे ऐकलं की उघडायची, एवढं तिच्या हाताला ठाऊक. गहू गव्हात पडला. पुढे पाव मूठही पडली.

‘कोन बोलनं?’ आप्पा ओरडले. ‘मी नाव लिधं नही! कोन बोलनं?’

प्रदीपकाकांच्या घरचे म्हणाले, आवाज पुण्याहून आला. चेतनदादा म्हणाला, माझ्याकडे बाई कुठून येणार, आप्पा, तुम्हीच मुलगी बघताय ना? कुणी हसलं नाही. मला तर दिसलं होतं. मीटिंगमध्ये जो बोलतो त्याच्या चौकटीभोवती निळी कड उजळते. ती आमच्या चौकटीभोवती उजळली होती. आमच्या म्यूट चौकटीभोवती. कोपऱ्यात माइकवर लाल रेघ तशीच होती. आणि आपलाच आवाज आपल्याच स्पीकरमधून आपल्याला कधी ऐकू येत नाही; ज्याला हे माहीत नाही त्याने माझ्याकडे यावं.

‘उज्ज्वला,’ आप्पा म्हणाले. ‘तू बोलनी?’

मी माइक चालू केला. ‘आप्पा, मी तिच्याकडेच बघत होते. तिच्या तोंडात पदर होता. आणि आमचा माइक बंद होता, आत्ता चालू केलाय मी. पाहिजे तर चेतनदादाला विचारा.’

‘म्यूटच होते ते,’ चेतनदादा म्हणाला. पहिल्यांदाच टोमणा न मारता.

पण तो आवाज काकीचाच होता. मी रोज ऐकते तो नाही. मी दुसरीत असताना ऐकायचे तो.

मग आप्पा बोलले. त्यांची अहिराणी मी इथे सोपी करून लिहिते. ‘पडली ती पडली. गव्हातून गहू निवडता येत नाही. त्याचा रोट करा. सोमवारी त्याच्या नावाचं ताट वाढा. पण यंदा त्या ताटाला उज्ज्वलाने हात लावायचा नाही. कुणीच नाही. तो असला तर येईल आणि खाईल. कानबाई उठायच्या वेळेपर्यंत ताट भरलेलंच राहिलं, तर ते ताट बाईबरोबर तापीत जाईल. त्याचं नावही. मग उज्ज्वलाने पुढचं सगळं करायचं. आणि मला ताट दाखवायचं, हर्षे. असंच, मोठं करून.’

‘आप्पा, त्याला कुणी कळवायचं की जेवायला ये?’ मी विचारलं.

मोठीआईने मला मांडीवर चापट मारली.

रविवारी कानबाई बसली. सचिनहून प्रदीपकाका आले, येताना घरातल्या सगळ्या सवाष्णींना साड्या घेऊन आले. मूठ पडलीय म्हणजे उज्ज्वलाही सवाष्णच, म्हणून तिच्यासाठीही एक. कुठल्या रंगाची ते मी सांगायला नको. मी फुलांची परात घेऊन उभी होते, ती हातातून सुटली.

‘वेंधळी!’ आई म्हणाली.

‘रंग आवडला नाही का काय हिला?’ प्रदीपकाका हसले.

संध्याकाळी गाणी चालू झाली, सगळे बाहेरच्या खोलीत देवीसमोर होते. काकी आत पुरणासाठी डाळ बघत होती. मी तिला सगळं सांगितलं. बोगदा, चौथी चौकट, पोपटी साडी, रिकामं ताट, पाठमोरा माणूस. मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला झापेल. ती डाळ ढवळत राहिली.

‘टाचा दिसल्या?’

‘हो.’

‘कोणता रंग?’

‘राणी.’

तिचा हात थांबला. ‘त्या दिवशी राणीच चालू होता,’ ती म्हणाली. ‘आदल्या रात्री सांगितलं होतं त्यांनी. उद्यापण राणीच आहे, उशीवर डाग पडले तर बोलू नको.’

मग पुन्हा ढवळायला लागली. मला विचारायचं होतं, काकी, रंग इतकी वर्षं टाचेवर राहतो का? पण या एका ठिकाणी माझा नवा मोठा आवाज बाहेर आला नाही.

सोमवारी खालचं खातं बंद होतं. लूम थांबल्या की आमचं घर दुसऱ्याचंच वाटतं. नळाचा थेंब ऐकू येतो, आपलं गिळणं ऐकू येतं. आरती झाली. बाईला गल्लीतल्या मांडवात नेलं. बँडवाले पानं खात उभे होते. वरून निरोप आला की मोठीआई बाईला डोक्यावर घेणार आणि मिरवणूक तापीकडे निघणार, असं ठरलं होतं. आई, पप्पा, प्रदीपकाका, सगळे खाली. वर, ज्या जागी मोठीआईने गहू मोजला होता तिथे, पाटासमोर योगराजकाकाचं ताट. रोट, खीर, वरून तुपाची धार. भिंतीशी काकी, पोपटी साडीत. आणि मी, लॅपटॉप, फोन, स्टँड.

ताट भरलेलं होतं. कुणी आलं नव्हतं.

मी सगळ्यांना मीटिंगमध्ये घेतलं. या वेळी टॅबच शेअर केला, घाई केली नाही.

‘काळं दिखस,’ आप्पा म्हणाले.

‘माझ्याकडेही काळं आहे,’ चेतनदादा म्हणाला. ‘परमिशन बघ.’

‘परमिशन दिलीय. मला शिकवू नको.’ माझ्याकडे चित्र व्यवस्थित होतं. त्यांच्याकडे काळं. हा जुना आजार आहे, मला औषध माहीत होतं. सेटिंगमध्ये जाऊन ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन बंद केलं, ब्राउझर पूर्ण बंद करून परत उघडला, परत मीटिंगमध्ये शिरले, परत टॅब निवडला. हे करताना मनात सारखं येत होतं, मी कशाला एवढी हुशारी करतेय? हे दुरुस्त झालं की आप्पांना भरलेलं ताट दिसणार. भरलेलं ताट दिसलं की काकीच्या बांगड्या. न जमल्याचं नाटक केलं असतं तर? पण काकी माझ्याकडे बघून मान हलवत होती. कर, कर. तिला नाटकातून मिळालेली मूठ नको होती.

मी शेअर दाबलं.

मी म्हटलं, ‘दिसतंय का?’

‘दिसतंय,’ चेतनदादा म्हणाला, अगदी हळू.

‘आप्पा?’

आप्पांनी फोन डोळ्यांजवळ नेला होता. त्यांच्या चौकटीत नुसता एक डोळा आणि भुवई होती. ‘खादं,’ ते म्हणाले. ‘खाल्लं त्याने. ताट चाटूनपुसून.’

मी स्क्रीनकडे बघितलं. माझ्या स्क्रीनवर ताट भरलेलं होतं. मी मान वळवून खऱ्या ताटाकडे बघितलं. भरलेलं. रोटाला बोटही लागलेलं नव्हतं.

‘आप्पा, थांबा,’ मी म्हणाले. खरं सांगते, मला खोटं बोलायचं नव्हतं. ‘चित्र अडकलं असेल. मी परत शेअर करते.’ थांबवलं. परत केलं. ‘आता?’

‘आते बी तेच. आणि कडेला तुकडा ठेवलाय बघ.’ आप्पा बोलतच राहिले. ‘लहानपणापासून ठेवायचा. त्याच्या मायसाठी ठेवायचा, मग बायकोसाठी. मी ओरडायचो, अन्न टाकतोस म्हणून. योगराजच शे तो. दुसरा कोनी नही.’

‘चेतनदादा, तू सांग. खरं काय दिसतंय?’

‘रिकामं ताट, हर्षदा.’ त्याने मला कधी पूर्ण नावाने हाक मारलेली नाही. ‘तूप अजून ओलं आहे.’

‘बाईला उचला,’ आप्पा म्हणाले. ‘पुढच्या वर्षी मी त्याचं नाव घेईन. उज्ज्वला, पोरी, माझं चुकलं. तू कुंकू लाव.’

मीटिंग संपली. एकेक चौकट विझत गेली. मी खिडकीतून खाली पप्पांना हात केला. बँड एकदम फुटला, मोठीआईने बाईला डोक्यावर घेतलं, फुगड्या, गुलाल, आणि सगळी गल्ली वाहत मुख्य रस्त्याकडे गेली. बाई तापीवर जाऊन परत येईपर्यंत देवीच्या जागचा दिवा एकटा सोडायचा नाही, म्हणून काकी मागे राहणार होती. मी तिच्याबरोबर. बँड लांब गेला. घर पुन्हा ऐकू यायला लागलं.

काकी भिंतीशी बसली होती. कपाळावर मोठं कुंकू. समोर भरलेलं ताट.

‘त्यांना रिकामं दिसलं,’ मी म्हटलं. ‘काकी, मी काहीच केलं नाही. देवाशप्पथ.’

‘मला माहितीये.’

‘मग हे काय आहे?’

ती ताटाकडे बघत होती. मीही बघायला लागले. आणि नक्षीतली चूक दिसावी तशी मला एकेक गोष्ट दिसली. पोपटी साडी होती. ताट होतं. पोतं होतं. मोठीआई नव्हती, सूप नव्हतं. लॅपटॉप पेटीवर शुक्रवारी होता तिथेच होता, तोच कोन, तीच भिंत. चौथी चौकट मागे नव्हती चालत. ती पुढे होती. तिच्यात जे होतं त्यातलं जवळजवळ सगळं आता खोलीत जमलं होतं. एक माणूस यायचा राहिला होता.

आणि खोलीत एक माणूस जास्त होतं. त्या चौकटीत माझी वेणी नव्हती.

मी काकीकडे बघितलं. तिला मी हे रविवारी सांगितलंच नव्हतं, तरी ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू कधीची वाट बघतेय आणि मला जा म्हणायला तिला जीव होत नाही.

‘मी खाली बसते,’ मी म्हणाले. ‘हवेला.’

‘दार नुसतं लोटून घे,’ ती म्हणाली. ‘कडी नको.’

मी दार लोटलं. आमच्या घराला एकच जिना, लोखंडी, अरुंद, एका वेळी एकच माणूस जातो. मी सगळ्यात खालच्या पायरीवर येऊन बसले आणि दोन्ही हातांनी दोन्ही कठडे धरले. का धरले ते मला माहीत नाही. खात्याचं शटर बंद होतं. गल्लीत गुलाल पडला होता, एक कुत्रं तो हुंगत होतं. त्याने मान वर केली, माझ्या डोक्यावरून जिन्याकडे बघितलं, आणि शेपूट पायांत घालून निघून गेलं.

माझ्याजवळून कुणीही वर गेलं नव्हतं. कठडे माझ्या हातात होते.

वरती दार करकरलं. मग काहीच नाही. मग कुणीतरी काहीतरी विचारलं असावं. मला ते ऐकू आलं नाही, फक्त त्याच्यानंतरचं ऐकू आलं. काकीचा आवाज. मोकळा, थोडा हसरा, शुक्रवारचाच.

‘शे.’